दोनशे छप्पन्न पत्त्यांचा तनाजुल

भाव न करता मी आयुष्यात एकच गोष्ट घेतली, आणि तिचं बिल मला दरवर्षी येतं. रियाधच्या बत्हा बाजारात मला ओळखणारे लोक यावर विश्वास ठेवत नाहीत. तिथले घड्याळवाले, कापडवाले मला लांबून येताना बघितलं तरी किंमत आधीच वाढवून ठेवतात. परकार आला, आता अर्धा तास जाणार.

मी मूळचा श्रीवर्धनकडचा. दहावी नापास. सौदीत आलो तो जुबैलला, केबल ओढायला. आज बत्ह्यात, एका मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर माझं स्वतःचं ऑफिस आहे, सहा माणसं आहेत, गुंतवणूकदाराचा परवाना माझ्या नावावर आहे. धंदा सांगायला सोपा: हॉटेलं, गोदामं, दवाखाने यांचं इंटरनेट आम्ही चालू ठेवतो. लाइन मोठ्या कंपन्यांची असते, शिव्या आम्ही खातो.

ही हकीकत समजायला एवढंच माहीत हवं. इंटरनेटवर जगाला तोंड देणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्याला आमच्यात पत्ता म्हणतात. हा पत्ता बहुतेकांना लाइनवाली कंपनी देते. भाड्याच्या खोलीवर जसा खोलीचा नंबर असतो तसा. खोली सोडली की नंबर तिथेच राहतो. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो, म्हणून लोकांना वाटतं इथेही तसंच असेल. मलाही या धंद्यात पंधरा वर्षं घालवून तसंच वाटत होतं. म्हणजे, माहीत होतं. पण भाव करण्याच्या भरात आठवलं नाही.

मदिनेत माजिदसाहेबांची तीन हॉटेलं आहेत, यात्रेकरूंची. माझं निम्मं काम त्यांचंच. त्यांच्या लाइनचं नूतनीकरण आलं तेव्हा मी लाइन कंपनीच्या मॅनेजरला म्हणालो, भाव कमी कर. तो म्हणाला, नाही होत. मी म्हणालो, एकदा उठलो तर परत बसणार नाही. तो हसला. मी उठलो. दुसऱ्या कंपनीकडे गेलो आणि एक तृतीयांश कमी भावात लाइन घेतली. त्या दिवशी मी घरी जाताना बायकोसाठी कुनाफा, इथली चीजची मिठाई, घेऊन गेलो, इतका खूश होतो.

आठ दिवसांनी जुनी लाइन कापली गेली, आणि पत्ते तिच्याबरोबर गेले.

यात्रेकरू पाठवणाऱ्या जकार्ता, लाहोर, इस्तंबूलच्या एजंटांच्या कॉम्प्युटरांना सांगून ठेवलेलं असतं की अमुक नंबरांवरून आलेल्यालाच दार उघडायचं. आता आम्ही नव्या नंबरांवरून दार ठोठावत होतो आणि आतून कुणी उत्तर देत नव्हतं. बुकिंग येईना, जाईना. एकेका एजंटाला ईमेल, फोन, विनवण्या. बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत काउंटरवरची मुलं खोल्यांची वाटणी वहीत लिहीत होती आणि इंडोनेशियाच्या म्हाताऱ्या बायका लॉबीत आपापल्या बॅगांवर बसून होत्या. त्यातल्या एकीने मला हॉटेलचा माणूस समजून खजूर दिला. कुणी शिवी दिली असती तर मी परत दिली असती. खजुराचं काय करणार?

माजिदसाहेब आवाज चढवणारे नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "ते जुने पत्ते आपले नव्हते?"

"नव्हते."

"मग इतकी वर्षं तू मला काय विकलंस?"

मग ते म्हणाले, "रमजानच्या आधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन हव्यात. एक पडली तर दुसरी. आणि पत्ते असे हवेत की मी कुठेही गेलो तरी बदलणार नाहीत. जमलं तर ठीक. नाही तर खलास."

निम्मं काम खलास म्हणजे सहातली तीन माणसं घरी. त्यांतला एक तर नुकतीच बायकामुलं घेऊन आला होता.

माझ्याकडे शुभदा जोशी काम करतात. नाशिकच्या. नवरा बँकेत, मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये. नेटवर्कचं ज्ञान माझ्या दसपट आणि राग माझ्या शंभराव्या हिश्शाएवढा. मी त्यांना ताई म्हणतो, वयाने लहान असल्या तरी. त्यांनी फळ्यावर आकृती काढली.

"परकारभाई, आपल्याला स्वतंत्र पत्ते हवेत. लाइन कंपनीचे नाहीत, थेट नोंदणी संस्थेच्या दप्तरी नाव असलेले. आपल्या भागाची नोंदणी संस्था युरोपात आहे. तिथे दोन रस्ते आहेत. एक, आपण संस्थेचे सभासद व्हायचं. प्रवेश फी, आणि मग दरवर्षीची फी. ती बरीच आहे. दुसरा रस्ता स्वस्त. सभासद व्हायचं नाही, फक्त पत्ते नावावर घ्यायचे. त्याला वर्षाला अगदी किरकोळ आकार पडतो. फक्त एखाद्या सभासदाला आपला स्पॉन्सर करायचं."

"काय करायचं?"

"स्पॉन्सर. कागदपत्रं त्याच्यामार्फत जातात."

ऑफिसातली मुलं सांगतात की त्यानंतर माझा आवाज खालच्या मनी एक्स्चेंजच्या रांगेपर्यंत गेला. "स्वतंत्र पत्ते, आणि त्यालाही कफील?"

इथे माझं जुनं दुखणं सांगायला हवं. जुबैलला माझा कफील होता अबू सालेम. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. तेव्हा त्याच्या सहीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नव्हती. त्या सहीच्या कागदाला तनाजुल म्हणतात. आता कायदा बदलला आहे, बदली बरीचशी मोबाइलवर होते, नव्या मुलांना हा शब्दही माहीत नाही. मला मात्र रियाधच्या एका कंपनीने नेटवर्क टेक्निशियन म्हणून बोलावलं होतं, पगार दुप्पट, आणि बायकोने गावात सगळ्या मोहल्ल्याला सांगून टाकलं होतं. अबू सालेमने तनाजुल दिला नाही. चार वेळा गेलो, चारही वेळा चहा पाजला आणि सही केली नाही. ती नोकरी गेली. मी आणखी दोन वर्षं त्याच्याच केबल ओढल्या.

मी ओरडायचा थांबल्यावर शुभदाताई म्हणाल्या, "शब्द तोच आहे, पण प्रकार वेगळा आहे हो. पत्ते आपल्याच नावावर असतात. स्पॉन्सर आवडला नाही तर बदलायचा, त्याची परवानगी लागत नाही."

"सगळे आधी हेच सांगतात. सभासद व्हायचं. आपण कुणाचे मिंधे नाही."

"त्याला कितीतरी जास्त पैसे पडतील."

"भाव करू ना!"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी विसरणार नाही. पण मी ईमेल लिहिला. आमची कंपनी लहान आहे, दीर्घ संबंध ठेवायची इच्छा आहे, शेवटचा भाव कळवावा. 'बेस्ट प्राइस' हे शब्द ठळक केले.

दोन दिवसांत उत्तर आलं, अत्यंत सभ्य. फी सगळ्या सभासदांना सारखीच आहे. कुणालाही कमी नाही, कुणालाही जास्त नाही. ती किती असावी हे सभासद स्वतःच मतदान करून ठरवतात. आपण सभासद झालात तर आपल्यालाही एक मत असेल.

मी पहिल्यांदा चिडलो. मग परत वाचलं. मग शुभदाताईंना विचारलं, "सारखीच म्हणजे? त्या लाइन कंपनीलासुद्धा? तो हसणारा मॅनेजर जिथे आहे तिला?"

"हो. तीही सभासद आहे. तेवढीच फी. आणि तिलाही एकच मत."

"म्हणजे ती एवढी काचेची इमारत आणि मनी एक्स्चेंजवरचा परकार, दोघांचं मत सारखं?"

"अगदी सारखं."

मी खुर्चीतून उठलो. असा मी पूर्वी एकदाच उठलो होतो, स्वतःच्या नावाचा परवाना हातात आला तेव्हा. "फॉर्म भरा," मी म्हणालो. "यल्ला!" भावाबद्दल एक शब्द न काढता मी फी भरली. शहाण्यासुरत्या माणसाने स्वस्त रस्ता घेतला असता हे मला मान्य आहे. फरकाची रक्कम माझ्या रागाचा खर्च म्हणून मी दरवर्षी भरतो, आणि दरवर्षी मतदानही करतो. अजून एकदाही माझ्या बाजूने निकाल लागलेला नाही.

सभासदत्व मिळालं आणि कळलं की पत्ते संपले आहेत.

नव्या पद्धतीचे, लांबलचक पत्ते हवे तेवढे होते. पण जकार्ताच्या एजंटचं जुनं सॉफ्टवेअर त्यांना ओळखतच नव्हतं. जुन्या पद्धतीचे पत्ते आता वाटायला उरलेलेच नाहीत. कुणी परत केले तर रांगेतल्याला मिळतात, रांग लांब, आणि रमजान जवळ. उरला एकच मार्ग: ज्याच्याकडे न वापरलेले पडून आहेत त्याच्याकडून विकत घेऊन बदली करून घ्यायची. कमीत कमी दोनशे छप्पन्नचा गठ्ठा लागतो. त्याहून लहान गठ्ठा जगातल्या लाइन कंपन्या पुढे सरकवत नाहीत. बाहेरच्या दलालाने भाव सांगितला. मी फोन ठेवून पाणी प्यायलो.

आणि पाणी पिता पिता मला जुबैलचं कपाट दिसलं.

अबू सालेमच्या कंपनीची सर्व्हरची खोली मीच बांधली होती. चांगले दिवस होते त्यांचे. पत्ते तेव्हा कारण दाखवून मागितले की मिळत, आणि कुठल्याशा सल्लागाराने कंपनीच्या नावावर स्वतंत्र गठ्ठा घेऊन ठेवला होता. त्याचा नंबर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. मराठीत. माझी सगळी लेबलं मराठीत असायची: 'मधला जिना', 'साहेबाची खोली', 'याला हात लावू नये'. ही माझी हुशारी होती. माझ्या वायरी दुसऱ्या कुणाला कळता कामा नयेत. कळल्या तर माझी गरज काय?

ती चिठ्ठी मला अक्षरासकट आठवत होती. मी नंबर सांगितला, शुभदाताईंनी नोंदणीच्या दप्तरात टाकला. ते दप्तर कुणालाही बघता येतं.

"परकारभाई!" त्या जवळजवळ ओरडल्या. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "आहे! जुबैलच्या त्याच कंपनीच्या नावावर आहे. आणि कुणी वापरतही नाहीये. कोरा गठ्ठा पडलाय!"

आम्ही दोघे पडद्याकडे बघत उभे राहिलो. जमिनीत हंडा सापडावा तसे.

मग त्यांनी बदलीचा फॉर्म उघडला आणि विचारलं, "नवा मालक म्हणून नाव कोणाचं घालू?"

"आपलं. कंपनीचं."

"पैसे माजिदसाहेब देणार ना?"

"हो."

"मग?"

"मग काय, ताई? धंदा आहे. पत्ते आपल्या नावावर असले की माजिदसाहेब आपल्याला सोडून जाणार नाहीत. जाऊच शकणार नाहीत. तीन माणसांच्या नोकऱ्या आहेत."

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "ठीक आहे. म्हणजे आपण त्यांचे कफील."

मी चिडून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटी म्हणालो, "ती जागा कोरी ठेवा. आल्यावर बघू." आणि गाडी काढून जुबैलला गेलो.

चार तासांच्या रस्त्यात मी अबू सालेमला ऐकवायची सगळी वाक्यं अरबीत तयार केली. पोचलो तर ऑफिस ओळखू येईना. तीन मजल्यांपैकी एकच उरलेला, बाकी भाड्याने दिलेले. अबू सालेम म्हातारा झाला होता, काठी टेकून बसला होता. त्याने मला लगेच ओळखलं.

"तू तो केबलवाला. ओरडायचास तो."

"अजून ओरडतो."

"मग बस. चहा घे."

मला वाटलं होतं त्याला या गठ्ठ्याची किंमत माहीत नसेल. कबूल करतो, मनात तसा हिशेब होता. पण शेजारी त्याचा भाचा मोबाइल घेऊन बसला होता आणि बाजारभाव पाठ करून आला होता. मला उलट आनंद झाला. अजाण माणसाशी भाव करण्यात मजा नसते. त्याने दलालाच्या वर आकडा सांगितला. मी निम्म्यावर आलो. त्याने छातीला हात लावला. मी सांगितलं की पडून राहिलेली वस्तू आहे, आणि नोंदणीचा आकार तो दरवर्षी उगाच भरतोय. त्याने सांगितलं की सोनंही पडूनच असतं. मी उठलो. भाच्याने बाही धरून बसवलं. दुसरा चहा आला. मी दुसऱ्यांदा उठलो, तेव्हा अबू सालेम म्हणाला, "आखिर कलाम?" शेवटचा शब्द. मी शब्द सांगितला. दलालापेक्षा बराच खाली. त्याने हात पुढे केला.

मी कागद ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला, आणि हसायला लागला. "हा तर तनाजुल आहे!"

"हो," मी म्हणालो. तयार केलेली वाक्यं आता बाहेर यायला लागली. "एका माणसाचा मागितला होता तेव्हा दिला नाहीत. आज दोनशे छप्पन्नांचा देताय."

तो हसायचा थांबला. "का दिला नाही माहीत आहे तुला?"

"कफील होतात म्हणून."

"तुझ्या चिठ्ठ्यांमुळे." त्याने काठीने सर्व्हरच्या जुन्या खोलीकडे दाखवलं. "मी दुसरा माणूस आणून बघितला होता. इजिप्तचा, शिकलेला. तो आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, साहेब, ही भाषा कोणती? एकही वायर कळेना. तुला सोडला असता तर माझी कंपनी दुसऱ्या दिवशी बंद पडली असती. तू मला बांधलं होतंस, पोरा. मग मी तुला बांधलं."

'याला हात लावू नये', मीच तर लिहिलं होतं.

एक सांगून ठेवतो. माझं अजूनही म्हणणं आहे की त्याने सही करायला हवी होती. चिठ्ठ्या वाचून दे, मग जा, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तो राग माझा मी ठेवला आहे, कुणाला विकायचा नाही. पण त्याने सही केली, शिक्का मारला, आणि मी बाहेर येऊन गाडीत बसलो. एसी लावायचंही सुचलं नाही.

शुभदाताईंना फोन केला. "ती कोरी जागा आहे ना, तिथे माजिदसाहेबांच्या कंपनीचं नाव घाला. त्यांचे पत्ते, त्यांच्या नावावर. आपण फक्त स्पॉन्सर."

"नक्की?"

"भाव करू नका माझ्याशी. घाला."

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात, दुपारच्या नमाजानंतर, मदिनेच्या हॉटेलच्या तळघरात मी उभा होतो. हरमजवळच्या, म्हणजे पवित्र मशिदीजवळच्या, त्या भागात मुसलमान नसलेल्या ताईंना येता येत नाही, म्हणून त्या रियाधहून फोनवर. बदली होऊन आली होती, दोन्ही कंपन्यांच्या लाइन जोडल्या होत्या, आणि दोन्हींना सांगितलं होतं की हे पत्ते या घरचे आहेत. दुसऱ्या फोनवर, हॉटेलच्याच इंटरनेटवरून, जकार्ताचा एजंट होता. माजिदसाहेब हात मागे बांधून उभे.

"आता पहिली लाइन ओढा," ताई म्हणाल्या.

"चालू असताना?"

"त्यासाठीच तर केलं सगळं."

पूर्वी ही वायर गेली तेव्हा बारा दिवस गेले होते. मी ओढली. पहिला दिवा विझला. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. जकार्तावाल्याचा आवाज गेला. माजिदसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा, सोळा.

"बुकिंग दिसतंय," जकार्ता म्हणाला. "का? काही झालं का?"

"काही नाही!" मी ओरडलो. "काहीही झालेलं नाही!" आणि माझ्या आयुष्यात 'काही झालं नाही' याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. दुसरी लाइन ओढून बघितली, पहिली लावून. परत तेच. माजिदसाहेब म्हणाले, आता पुरे. मी तिसऱ्यांदा ओढली.

तळघरातली लेबलं या वेळी अरबी आणि इंग्रजीत लावली. मोठ्या अक्षरात.

त्याच दिवशी मी माजिदसाहेबांना एक कागद दिला. तुम्हाला हवं तेव्हा दुसऱ्या स्पॉन्सरकडे जा, आमची हरकत नाही. सही माझी, शिक्का कंपनीचा, तारीख कोरी. नियमाप्रमाणे या कागदाची गरज नाही, ताईंनी दोनदा सांगितलं. पण सहीशिक्क्याशिवाय इथे कुणाला धीर येत नाही, आणि मला तो कागद द्यायचाच होता.

वर्षाने आमच्या कराराच्या नूतनीकरणाला मदिनेला गेलो. माजिदसाहेबांनी ड्रॉवर उघडला, तो कागद काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि सांगितलं की दुसरा माणूस पाव भाग कमी घ्यायला तयार आहे. मी तापलो. काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. शेवटी खिशातलं पेन काढून कागदावर ठेवलं. "तारीख घाला आणि जा!"

त्यांनी पेनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बेल दाबून चहा मागवला.

"आधी आखिर कलाम तर सांग," ते म्हणाले.

असराची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान होईपर्यंत आमचं चाललं होतं. मी थोडा खाली आलो, ते बरेच वर आले. तारीख अजून कोरीच आहे. दरवर्षी ते तो कागद काढून मध्ये ठेवतात, मी त्यावर पेन ठेवतो, आणि मग आम्ही भावाला बसतो.